रुमालाखालचा भाव आणि फळ्यावरचा नियम



संगणकावरचे खेळ ज्या यंत्रणेने तयार होतात, तिच्या अवजारांची माहिती एआय एजंटांना उपयोगी पडेल इतकी स्पष्ट कशी लिहावी, हा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेसाठी निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. कापसाच्या मुलखात या परक्या गोष्टी कशाला, असेही कोणी म्हणेल. आमचे म्हणणे असे की, विषयाचे नाव नवे असले तरी विषय जुनाच आहे. जो कामाच्या जागी आधी कधी नव्हता, ज्याला आतल्या खुणा ठाऊक नाहीत आणि ज्याने विचारावे असे जवळ कोणी नाही, त्याच्या हाती अवजार देताना त्याला काय लिहून द्यावे, एवढाच हा प्रश्न आहे. वऱ्हाडाने हा प्रश्न निरनिराळ्या काळी, निरनिराळ्या वेषांत पाहिला आहे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत अधिक झाले. नोटिसा, करार आणि कायद्याची कलमे वाचता वाचताच आम्ही वाचायला शिकलो. तेव्हा हा विषयही आम्ही त्याच वाटेने मांडणार आहोत.

इंजिन आणि गुमास्ता

प्रथम दोन शब्दांचा अर्थ पाहू. जिनाचे यंत्र एकच असते. कापूस कोणाच्याही वावरातला येवो, रुई एकीकडे आणि सरकी दुसरीकडे होते. तसेच संगणकावरच्या खेळांत चित्र उमटवणे, वस्तू खाली पडणे, दोन वस्तूंची टक्कर होणे, आवाज वाजणे ही कामे सगळीकडे सारखीच असतात. ती करणारी सामाईक यंत्रणा म्हणजे गेम इंजिन, आणि खेळ म्हणजे त्यात घातलेला माल. १९९३ साली अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या मंडळींनी ‘डूम’ नावाचा खेळ काढला, तेव्हा यंत्रणा वेगळी आणि माल वेगळा ही विभागणी ठळकपणे पुढे आली. १९९८ साली ‘अनरिअल’ आले, २००५ साली कोपनहेगनच्या तरुणांनी ‘युनिटी’ आणले, आणि अर्जेंटिनाच्या हुआन लिनिएत्स्की व आरिएल मान्झूर यांनी घडवलेले ‘गोडो’ हे इंजिन २०१४ साली सर्वांना खुले झाले.

दुसरा शब्द एजंट. आपल्या बाजारात अडत्या असतो, पेढीवर गुमास्ता असतो. दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणे हे त्याचे काम. एआय एजंट हा यंत्ररूपी गुमास्ता होय. ‘अंगणात एक लिंबाचे झाड लाव आणि खाली बाज टाक’ असे त्याला साध्या भाषेत सांगितले, की तो इंजिनातली अवजारे स्वतः निवडतो आणि एकामागून एक चालवून काम उरकतो. जून २०२३ मध्ये ओपनएआय कंपनीने आपल्या मॉडेलकडून बाहेरची अवजारे बोलावून घेण्याची सोय दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने त्यासाठी ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा खुला संकेत प्रसिद्ध केला. त्यात अवजाराची ओळख मुख्यतः तीन गोष्टींनी पटते : त्याचे नाव, त्याचे वर्णन, आणि त्याला कोणती माहिती कोणत्या रूपात द्यायची त्याचा तक्ता. गुमास्त्याला सामान्यतः एवढेच दिसते. अवजाराचे पोट त्याला दिसत नाही. म्हणून त्या चार ओळी कोणी, कशा लिहिल्या यावर सारे काम उभे असते.

रिद्धपूरचा धडा

आता मागे जाऊ. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, चक्रधरस्वामींच्या पश्चात, म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करण्याचे काम हाती घेतले. ज्यांनी पाहिले, ज्यांनी ऐकले, त्यांना गाठावे, विचारावे, नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यावे, अशा कष्टाने ‘लीळाचरित्र’ सिद्ध झाले. पुढे केशोबासांनी स्वामींची वचने वेगळी काढून सूत्रपाठ रचला. सूत्रे आटोपशीर आणि पाठ करण्यास सोपी होती. परंतु नुसते सूत्र हाती आले की वाचणाऱ्याला प्रश्न पडे : हे कोणाला सांगितले, केव्हा सांगितले, कशावरून सांगितले? म्हणून सूत्रांचे प्रसंग सांगणारे ‘प्रकरणवश’ या नावाचे लेखन पंथात झाले. आज्ञा लिहून ठेवली तरी पुरत नाही. ती कोणत्या प्रसंगी लागू पडते हेही लिहावे लागते. आपल्या भाषेच्या अगदी पहिल्या गद्यलेखकांना ही गोष्ट कळली होती.

पुढच्या काळात पंथाने आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. आपले धन राखण्यासाठी त्यांनी तसे केले आणि त्यांच्या दृष्टीने ते योग्यच होते. परंतु त्यामुळे ते गद्य बाहेरच्या मराठी माणसाला काही शतके बंद राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला, त्यानंतर ते हळूहळू उघडत गेले. लिहिणे दोन प्रकारचे असते, एक आतल्यांसाठी आणि एक अनोळख्यांसाठी. लिहिणाऱ्याने आपण कोणासाठी लिहितो आहोत हे आधी ठरवावे लागते. त्याच रिद्धपूरला २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले, ही आनंदाची गोष्ट आहे.

रुमालाखालचा भाव

दुसरा धडा बाजाराचा आहे, आणि तो आमच्या मते सर्वांत मोठा आहे. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी जगाची गिऱ्हाईकी आली. त्याच दशकात मुंबईहून नागपूरला जाणारी रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून गेली. कास्तकाराची बंडी जगाच्या बाजाराला जोडली गेली; पण त्या बाजाराची भाषा कास्तकाराला कोणी शिकवली नाही.

ती भाषा बोटांची होती. दलाल आणि खरीददार रुमालाखाली हात घालीत, बोटे दाबून भाव ठरवीत आणि हात बाहेर काढीत. ज्याचा माल, तो शेजारी उभा राहून रुमालाकडे पाहत असे. नंतर हिशेबाच्या वेळी कडता, हमाली, तोलाई, धर्मादाय, नमुना अशी एकेक वजावट निघे. बाजारात ठरलेला भाव जिनाच्या आवारात बंडी उलगताना पुन्हा मोडे. खालचा माल हलका निघाला, असे सांगितले जाई. वजनाचाही तोच गोंधळ होता. मुंबईचा मण २८ पौंडांचा, त्या मणांची २८ पट म्हणजे कापसाची खंडी ७८४ पौंडांची. आणि सरकारी मण ८२ पौंडांहून अधिक. शब्द एकच, पण माप जवळजवळ तिप्पट. ज्याला आतली गोष्ट ठाऊक, त्याला यात काही अडचण नव्हती. अडचण फक्त बाहेरून येणाऱ्याला होती, आणि माल तर त्याचाच होता.

१८८६ साली कारंजा येथे हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमाने नियंत्रित बाजार सुरू झाला. कारंजा आज वाशीम जिल्ह्यात आहे. १९९८ पर्यंत ते अकोला जिल्ह्यात होते. भारतातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचे नाव घेतले जाते. मग १८९७ साली वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. बाजाराची जागा ठरली, देखरेखीला समिती आली. परवाने, फी आणि वजने यांबाबत नियम करण्याची तरतूद झाली. १९२६ साली नेमलेल्या शाही शेती आयोगाने १९२८ च्या अहवालात वऱ्हाडच्या या बाजारांची दखल घेतली आणि इतर प्रांतांतही नियंत्रित बाजार काढावेत अशी शिफारस केली. रुमालाखालचा व्यवहार फळ्यावर आणण्याच्या कामात आपला वऱ्हाड देशाच्या पुढे होता, हे आपल्या मुलांना शाळेत सांगितले पाहिजे.

तथापि एक गोष्ट विसरू नये. सुरुवातीच्या समित्यांत व्यापाऱ्यांचे वजन फार, कास्तकाराचे नाममात्र. फळा लागला खरा, पण त्यावर काय लिहायचे हे ठरवणारे जुनेच राहिले. शेतकऱ्यांना मंडळात बहुसंख्य जागा आणि हमाल-मापाऱ्यांना स्वतःची एक जागा मिळाली ती फार पुढे, १९६३ च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न बाजार कायद्याच्या अमलात. फळ्यापासून त्या एका जागेपर्यंत पोहोचायला साठ वर्षांहून अधिक काळ लागला. या गोष्टीकडे आम्ही शेवटी परत येणार आहोत.

कारखान्याच्या दारातला फळा

बाजारातून माल जिनात आणि प्रेसमध्ये जातो. तेथेही लिहिण्याचा इतिहास आहे. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण आणि अनुक्रमांक घालणे बंधनकारक केले. गाठ मुंबईत उघडो की परदेशात, ती कोणी बांधली हे तिच्यावरून कळावे. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्याने असे घालून दिले की, कामाच्या अटी इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत, कामगार ज्या दाराने आत येतात त्या दाराजवळ खास फळ्यांवर लावाव्यात. १९४८ च्या कारखाने कायद्यातही सूचनांच्या भाषेची तशीच अट होती. शिवाय आणीबाणीत शक्ती तोडण्याची सोय प्रत्येक कामाच्या खोलीत असावी, आणि ज्या भागात कापूस पिंजणारा ओपनर चालू आहे तेथे स्त्रिया व मुले यांना कामास लावू नये, अशी कलमे होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९४६ व १९४८ चे हे जुने कायदे त्यांत मिळून गेले. पण त्यांचे शहाणपण जुने झालेले नाही. कोणते अवजार कोणी हाताळावे, कोणते धोक्याचे, आणि ते थांबवायचे कसे, एवढे कळणाऱ्या भाषेत दारातच लिहा, हे ते शहाणपण.

लिहिलेले असूनही काय घडते याचे एक उदाहरण सांगतो. आमच्या माहितीतल्या एका प्रेसमध्ये यंत्राशेजारी इंग्रजी पाटी होती. जुन्या कामगारांना पाटीची गरज नव्हती. यंत्र थांबल्यासारखे दिसले तरी ते एकदा पुन्हा दाबते, हे त्यांना तोंडी ठाऊक होते. हंगामात मेळघाटातून एक बदली कामगार आला. त्याची भाषा कोरकू, मराठी बेताची, इंग्रजी शून्य. ती तोंडी गोष्ट त्याला सांगायची राहून गेली. पहिल्याच आठवड्यात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. चौकशीत कारखान्याचे उत्तर असे की, सूचना लावलेली होती. ते उत्तर खोटे नव्हते. जे लिहिले होते ते त्याला वाचता येत नव्हते, आणि जे कळणे जरूर होते ते लिहिलेलेच नव्हते. पाटी लावणाऱ्याचे कर्तव्य पाटी लावल्याने संपते की वाचणाऱ्याला कळल्याने संपते, हा आमचा तेव्हापासूनचा प्रश्न आहे.

रोज नव्याने येणारा बदली

आता आपल्या यंत्ररूपी गुमास्त्याकडे पाहू. आम्ही त्याला बदली कामगार म्हणतो. कायम कामगार वर्षानुवर्षे एका यंत्रावर राहतो आणि यंत्राचे स्वभाव अंगात मुरवून घेतो. एजंटाला बहुधा काम संपले की कालची आठवण राहत नाही. मुद्दाम टिपून ठेवावे तेव्हाच पुढच्याला मिळते. तो फार वाचलेला आहे, पण तुमच्या कारखान्यात त्याचा रोज पहिला दिवस असतो. आणखी एक. नवखा माणूस अडला की निदान घुटमळतो, शेजाऱ्याकडे पाहतो. एजंट अडला की पुष्कळदा अंदाज बांधतो, आणि तो अंदाज आत्मविश्वासाने चालवतो.

उदाहरणे घेऊ. एजंटाला सांगितले, ‘ही पेटी १०० ने पुढे सरकव.’ अनरिअल इंजिनात एक एकक म्हणजे एक सेंटिमीटर, तेव्हा पेटी एक मीटर सरकेल. युनिटीत रूढ संकेत एकक म्हणजे एक मीटर असा, तेव्हा तीच पेटी शंभर मीटर दूर जाऊन दिसेनाशी होईल. अनरिअलमध्ये वरची दिशा झेड अक्षाची, युनिटीत वाय अक्षाची; आणि गोडोच्या सपाट खेळांत वाय अक्ष चक्क खाली वाढतो. मुंबईचा मण आणि सरकारी मण यांची ही नवी जोडी आहे. वर्णनात नुसते ‘अंतर’ असे लिहून भागत नाही. ‘अंतर, सेंटिमीटरमध्ये’ असे लिहावे लागते.

दुसरे उदाहरण नावांचे. मार्च २०२३ मध्ये गोडोची चौथी आवृत्ती आली आणि पुष्कळ नावे बदलली. जुने ‘स्पेशियल’ ते ‘नोड थ्री-डी’ झाले. पात्राला चालवण्याची जी आज्ञा पूर्वी वेग सोबत मागत असे, ती आता वेग आधीच ठेवलेल्या जागेतून उचलते. एजंट जे वाचून शिकला त्यात जुन्या आवृत्तीचे लेखन पुष्कळ; त्यामुळे तो नव्या यंत्रावर जुनी पोथी म्हणू लागतो. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानंतर दशमान वजने आली तेव्हा दुकानात किलो आणि तोंडी शेर अशी काही वर्षे गेली, ती वडीलधाऱ्यांकडून आपण ऐकलीच आहेत.

तिसरे उदाहरण युनिटीचे. तेथे खेळ चालवून पाहण्याची एक अवस्था असते. त्या अवस्थेत केलेले फेरबदल खेळ थांबवताच सामान्यतः पुसले जातात. शिकाऊ मुलाची एकदा दुपारभराची मेहनत वाया जाते आणि तो जन्मभर विसरत नाही. एजंटाची मेहनत आज गेली तरी उद्याचा एजंट तीच चूक करील, जर अवजाराच्या वर्णनात ‘खेळ चालू असताना केलेला बदल टिकत नाही’ हे वाक्य नसेल. जी गोष्ट कायम कामगार अंगावर घेऊन शिकतो, ती बदलीसाठी कागदावर असावी लागते.

चांगली माहिती कशास म्हणावे

मग असे वर्णन लिहावे कसे? ‘वस्तू हलवते’ एवढेच लिहिले तर ती रुमालाखालची बोटे झाली. त्याऐवजी असे लिहावे : ‘दिलेल्या नावाची एक वस्तू दिलेल्या ठिकाणी नेते. ठिकाण मीटरमध्ये, वरची दिशा वाय. त्या नावाची वस्तू नसल्यास काहीही बदलत नाही आणि तसे कळवते. नुसती वस्तू फिरवायची असल्यास हे अवजार वापरू नये. त्यासाठी फिरवण्याचे वेगळे अवजार आहे. बदल मागे घेता येतो.’ यात अवजार काय करते, कोणत्या मापाने करते, केव्हा वापरू नये, बिघडले तर काय होते आणि परतीची वाट आहे की नाही, हे पाचही प्रश्न सुटले. फळ्यावर मावेल एवढाच हा मजकूर आहे. फळा लांबवला तरी घात होतो; एजंटाला एका वेळी ध्यानात ठेवता येणाऱ्या मजकुराला मर्यादा असते, आणि पन्नास सूचनांत कामाची सूचना हरवते, हे माणसाइतकेच त्यालाही लागू आहे.

धोक्याची पाटी वेगळी हवी. गोडोत वस्तू नाहीशी करण्याच्या दोन आज्ञा आहेत : एक तत्काळ नाहीशी करते, दुसरी चालू चौकट संपेपर्यंत थांबून. पहिलीचा वापर भलत्या वेळी झाला तर, ज्यांना ती वस्तू अजून हवी होती ते भाग कोलमडतात. अशा ठिकाणी ओपनरच्या दारावरची पाटी आठवावी. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्येही २०२५ साली अशी भर पडली की, अवजार फक्त पाहते की बदल करते, आणि तो बदल नाश करणारा आहे काय, याचे इशारे जोडता यावेत. मात्र इशारा म्हणजे कुलूप नव्हे. तो कोणी लिहिला यावर त्याची किंमत. एजंट वाचलेल्या मजकुरालाच आज्ञा समजण्याची भीती असते. फळ्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याने खडूने काहीही लिहावे अशी स्थिती असेल, तर तो फळा नसलेला बरा. म्हणून गाठीवर जशी कारखान्याची खूण, तशी माहितीवरही लिहिणाऱ्याची खूण आणि आवृत्तीचा आकडा असावा.

शेवटी प्रामाणिकपणा. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेली युनिक्स या संगणक-प्रणालीची पहिली पुस्तिका केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या नावाने निघाली. तीत आज्ञांच्या माहितीखाली ‘दोष’ असा एक मथळा असे. आपल्या अवजारात काय बिघाड आहे ते करणाऱ्यानेच तेथे लिहायचे. गोडोच्या माहितीतही, ज्या भागाचे वर्णन झालेले नाही तेथे ते अजून झालेले नाही, आपण लिहून मदत करा, असे उघड सांगितलेले आढळते. कोरी जागा कोरी म्हणून दाखवली तर वाचणारा सावध होतो. खोटे भरलेली जागा माणसालाही फसवते आणि यंत्रालाही. आजकाल ही माहितीच यंत्राकडून लिहून घेण्याची चाल पडू लागली आहे. तसे लिहून घेण्यास आमची हरकत नाही. परंतु ज्याने ते अवजार हाताने चालवले आहे त्याने ती वाचून सही केल्याशिवाय ती फळ्यावर लावू नये.

लिहून द्यावे की न द्यावे

आता आमच्या चळवळीतला एक आक्षेप मांडतो, कारण तो पोकळ नाही. काही सहकारी म्हणतात, ‘तुम्ही कामगाराला त्याचे कसब लिहून द्यायला सांगता. अंगातले कसब हेच त्याचे भांडवल. ते कागदावर आले की यंत्र ते काम करील आणि कामगार दाराबाहेर जाईल.’ या भीतीला इतिहास आहे. १९११ साली अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांनी शास्त्रीय व्यवस्थापनावर जे पुस्तक लिहिले, त्यात व्यवस्थापनाचे पहिले कर्तव्य म्हणून हेच सांगितले आहे : कामगारांजवळचे परंपरागत ज्ञान गोळा करावे आणि त्याचे नियम, कोष्टके बनवावी. ज्ञान कामगाराचे, कोष्टक मालकाचे. खेळ बनवणाऱ्या तरुणांनाही आज हीच चिंता आहे. आपल्या गावाहून पुण्या-मुंबईला या धंद्यात गेलेल्या मुलांना विचारा. इंजिनाची माहिती एजंटासाठी नीट लिहिणारा स्वतःच्याच जागेवर बदली बसवतो आहे काय, असे ते विचारतात.

आमचे उत्तर आम्ही वऱ्हाडच्या बाजारातून घेतो. रुमाल राखल्याने कास्तकाराचे कधी कल्याण झाले नाही. आतली खूण आज आपल्या हाती असली तरी तिच्यामुळे उद्या येणाऱ्या नवख्याचा हात जातो, आणि तो नवखा आपलाच असतो. मेळघाटातून आलेल्या त्या माणसाच्या दोन बोटांवर आमचे कसले भांडवल वाढणार होते? तेव्हा लिहिलेच पाहिजे, आणि स्पष्ट लिहिले पाहिजे. परंतु १८९७ चा दुसरा धडाही तितकाच पक्का आहे : नुसता फळा पुरत नाही, फळ्यावर काय लिहायचे ते ठरवणाऱ्या समितीत जागा हवी. कास्तकाराने आणि हमालाने त्या जागेसाठी फार वर्षे वाट पाहिली. नव्या यंत्राच्या कामगारांनी इतकी वाट पाहू नये.

म्हणून आमच्या मागण्या तीन आहेत. पहिली, ज्याच्या अनुभवातून माहिती निघाली त्याचे नाव तिच्यावर असावे आणि लिहिण्याचे काम हे मजुरीचे काम समजून त्याचा मोबदला द्यावा. दुसरी, ही माहिती मराठीतही असावी. एजंट इंग्रजी वाचतो हे खरे, पण त्याच्या कामावर देखरेख अकोल्याची मुलगी किंवा दर्यापूरचा मुलगा करणार आहे; बहुसंख्य कामगारांना समजेल अशी भाषा, हे १९४६ चे सूत्र येथेही लागू करावे. तिसरी, नाश करणाऱ्या प्रत्येक अवजारापुढे माणसाची परवानगी आणि शक्ती तोडण्याची कळ असावी, आणि त्या कळेवर हात ठेवणाऱ्याला तो ठेवल्याबद्दल दंड होऊ नये.

या मागण्या आज खेळ बनवण्याच्या धंद्यापुरत्या दिसतात. खेळात पेटी शंभर मीटर दूर गेली तर कोणाचे काही बिघडत नाही, आणि म्हणूनच ही शिकवण येथे स्वस्तात मिळते आहे. उद्या हाच गुमास्ता बाजार समितीच्या काट्यावर, जिनाच्या पट्ट्यावर आणि दवाखान्याच्या औषधांच्या यादीवर बसेल. तेव्हा मापे कोणती, वजावट कोणती, थांबवायचे कसे, हे प्रश्न कास्तकाराच्या बंडीसमोर आणि कामगाराच्या हातासमोर पुन्हा उभे राहतील. त्या वेळी रुमाल घेऊन कोणी पुढे आला तर त्याला कारंजाच्या बाजाराची आठवण द्यावी, फळा मागावा, आणि खडू कोणाच्या हाती आहे हेही विचारावे.